कामाच्या जागी आलेला अनाहूत पाहुणा

वन्य प्राणी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अरण्य उभे राहते. गवा डोंगरात, बिबट्या कड्याकपारीत आणि मनुष्य आपल्या गावात, अशी एक नीटनेटकी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. ही वाटणी प्राण्यांस कोणी कळविलेली नसल्यामुळे ते अधूनमधून आपल्या कचेऱ्यांत, बांधकामांवर, शाळांच्या आवारात व उसाच्या फडात येऊन उभे राहतात. अशा वेळी उभयपक्षी जी तारांबळ उडते ती दुरून पाहणाऱ्यास हसू आणते. तीत सापडलेल्याच्या मात्र ती जिवावरही बेतू शकते. बेळगावनजीकच्या हिंडलगा परिसरात २०२२ च्या पावसाळ्यात घडलेला प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराला जवळजवळ खेटून हिंडलगा हे गाव वसलेले आहे. तेथील मध्यवर्ती कारागृहामुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक आहे. एका बाजूस लष्कराची छावणी, दुसरीकडे मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातील भात व उसाची शेती, आणि छावणीच्या अंगाला गोल्फचे विस्तीर्ण मैदान. गोल्फ हा खेळ आपल्या ग्रामीण भागात फारसा परिचित नाही. लहानसा पांढरा चेंडू लांब दांड्याने टोलवीत जमिनीतील एका भोकात नेऊन घालावयाचा, एवढे त्याचे सार सांगता येईल. त्यासाठी मैदानाचा काही भाग कापलेल्या हिरवळीचा राखतात. उरलेल्या भागात झाडी, झुडपे व उंच गवत असते. चेंडू त्या गवतात गेला तर तो शोधताना खेळाडूच्या नाकी नऊ येतात. ऑगस्टच्या पावसात तेथे खुद्द बिबट्याच हरवला, तेव्हा शोधणाऱ्यांचे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

प्रसंगाचा आरंभ मात्र विनोदी नव्हता. ५ ऑगस्ट २०२२ रोजी बेळगावच्या जाधवनगर या वस्तीत एका बांधकामावर काम करणाऱ्या कामगारावर बिबट्याने झडप घातली. कामगार जखमी झाला, परंतु वाचला. मुलावर बिबट्याने हल्ला केल्याची वार्ता कानी पडताच त्याच्या मातेस हृदयविकाराचा झटका आला व तीत तिचा अंत झाला. बिबट्याच्या नखाने जे झाले नाही ते वार्तेच्या धक्क्याने झाले. पुढील महिनाभरात हसण्यासारखे पुष्कळ घडले, तथापि ते सांगताना ही गोष्ट आधी सांगणे अवश्य आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बिबट्याचा वावर गोल्फच्या मैदानात असल्याचे आढळून आले. वनखात्याने सापळे-पिंजरे लावले, आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे बसविले, आकाशातून पाहणी करण्यासाठी ड्रोन उडविले. मैदानाच्या आसपासच्या २२ शाळांस सुट्टी देण्यात आली. पावसाची सुट्टी, निवडणुकीची सुट्टी, यात्रेची सुट्टी हे प्रकार आपल्या शिक्षकबंधूंच्या परिचयाचे आहेत. परंतु हजेरीपटावर ‘बिबट्यामुळे सुट्टी’ असा शेरा लिहिण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्यास येतो. दिवस उलटत गेले, पिंजरे रिकामेच राहिले. आता तो निघून गेला असावा असे वाटू लागले तोच २२ ऑगस्टच्या सुमारास स्वारी भर सकाळी रस्त्यावर प्रकट झाली. नेहमीप्रमाणे आपल्या कामावर निघालेल्या एका बसचालकाच्या गाडीपुढून तिने रस्ता ओलांडला, आणि बसचालकाने ते दृश्य मोबाईलवर टिपलेही. शाळा पुन्हा बंद झाल्या.

यानंतर शिवमोगा जिल्ह्यातील सक्रेबैलू येथील हत्ती शिबिरातून अर्जुन व आले या नावांचे दोन हत्ती आणविण्यात आले. गोल्फच्या हिरवळीवरून हत्तींची स्वारी चालली आहे, पाठीवर वनकर्मचारी बसले आहेत, वर ड्रोन घरघरत आहे आणि बाहेर रस्त्यावर सारे बेळगाव माना उंचावून पाहत आहे, असे चित्र पुढे काही दिवस दिसत होते. चहाच्या टपरीवर एकच प्रश्न:

“काय वो मामा, गावला काय?”

“कुठला गावतोय वो! हत्ती तेवढा दिसतोय बघा.”

सप्टेंबर उजाडला आणि शोध थांबला. बिबट्या अखेरपर्यंत हाती लागला नाही. ज्या गावाचे नाव तेथील कारागृहामुळे सर्वतोमुखी झाले, त्या गावाच्या वेशीवर महिनाभर मुक्काम करूनही हा एक आरोपी कोणत्याही पिंजऱ्यात शिरला नाही, ही गोष्ट लोकांनी चघळून चघळून सांगितली व वनखात्याची यथेच्छ थट्टाही केली. थट्टा करण्यास हरकत नाही. मात्र तीमागे ‘एवढी माणसे असूनही एक जनावर धरता येत नाही’ असा जो आरोप होता, तो अन्यायाचा होता असे प्रस्तुत लेखकास वाटते. बिबट्या धरणे हे काम नेमके कसे असते, ते पाहिले म्हणजे याचा उलगडा होईल.

बिबट्याचे सारे आयुष्य न दिसण्यावर उभे आहे. पिवळसर अंगावरील काळ्या ठिपक्यांची नक्षी आपणांस चित्रात उठून दिसते, पण पानांतून झिरपणाऱ्या ऊनसावलीत ती विरघळून जाते. गुडघाभर गवतात तो पोट जमिनीला टेकून निपचित पडला, तर चार पावलांवरून जाणाऱ्यासही दिसत नाही. त्याचा दिवस बहुधा झोपण्यात व दडून राहण्यात जातो आणि व्यवहार रात्री चालतो. माणसांची चाहूल लागली की बाहेर पडण्यापेक्षा जागच्या जागी दबून राहणे तो पसंत करतो. त्यामुळे शोध करणारे जितके जास्त आणि गलका जितका मोठा, तितका तो अधिक घट्ट दडी मारतो. हत्तीचा उपयोग येथेच होतो. हत्तीच्या पाठीवरून उंच गवतातले दिसते, आणि दडलेला बिबट्या हत्तीच्या वाटेस सहसा जात नाही. पायी चालणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाला असणारा धोका त्यामुळे टळतो. हत्ती आणविणे हा देखावा नव्हता.

‘मग लांबूनच भुलीचे इंजेक्शन का मारले नाही?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. चित्रपटांत बंदूक उडते आणि जनावर तत्क्षणी लोळते. प्रत्यक्षात भुलीची सुई फेकणारी बंदूक ही गोळीच्या बंदुकीसारखी दूरचा पल्ला गाठणारी नसते. पुष्कळ जवळ जावे लागते, जनावर स्थिर असावे लागते आणि त्याचे वजन अजमावून औषधाची मात्रा ठरवावी लागते. मात्रा कमी पडली तर जनावर अर्धवट शुद्धीत चवताळते, जास्त झाली तर मरते. सुई नेमकी लागली तरी औषध अंगात भिनण्यास काही मिनिटे लागतात. त्या काही मिनिटांत घाबरलेला बिबट्या कोठे पळेल याचा नेम नसतो. तो उंच गवतात गडप होईल, पाण्यात पडेल अथवा बघ्यांच्या गर्दीत घुसेल. म्हणूनच संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात, पावसात वा गर्दीत जाणकार पशुवैद्य बंदुकीच्या चापास हात लावीत नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये बिबट्या हा पहिल्या अनुसूचीतील प्राणी असून त्यास पकडण्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची अनुज्ञा आवश्यक असते. स्थानिक वनपालाने स्वतःच्या मर्जीने बंदूक उचलावी, अशी सोय कायद्यात नाही.

पिंजऱ्याचेही तसेच. पिंजऱ्यात आमिष बांधतात ते भुकेल्या बिबट्यासाठी. ज्याच्या अवतीभोवती आयते भक्ष्य हिंडत आहे, त्याने लोखंडी दाराच्या आत का म्हणून डोकवावे? अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. जेथे दर चौरस किलोमीटरला साडेतीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या शेतीच्या मुलखात, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे वावरत होते. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीवरून असे दिसून आले की, त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, म्हणजे ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. गावाबाहेर टाकलेला कचरा, त्यावर पोसलेली मोकाट कुत्री व डुकरे आणि त्यांच्या मागावर येणारा बिबट्या, अशी ही साखळी आहे. तिचे पहिले टोक आपल्या हातात आहे. बिबट्यास आमंत्रण वनखाते देत नाही. ते पुष्कळदा आपल्या उकिरड्यावरून जाते.

आता तो हिंडलग्यास आला कोठून आणि गेला कोठे? बेळगावच्या नैर्ऋत्येस खानापूर तालुक्याची दाट अरण्ये असून त्यांतच २०११ मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्य आहे. पश्चिमेस चंदगड तालुक्याचे डोंगर लागतात. तेथून ओढ्यांच्या घळी, काजूच्या बागा, उसाचे फड अशी आडोशाची वाट जवळजवळ शहरापर्यंत येते. माणसांच्या दृष्टीने या प्रदेशात दोन राज्ये आहेत. बिबट्याच्या दृष्टीने ती एकच सलग झाडी आहे. आला त्याच वाटेने तो एखाद्या रात्री परत गेला असावा, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

आधार असा की, बिबट्या किती अंतर आणि किती गुपचूप चालतो हे आपल्याच राज्यात मोजले गेले आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक उतारवयाचा नर बिबट्या बाहेर काढण्यात आला. त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधून त्यास माळशेज घाटात सोडण्यात आले. वयावरून अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. आजोबांनी घाटात बस्तान न बसविता थेट मुंबईचा रस्ता धरला. महामार्ग ओलांडला, कसारा रेल्वेस्थानकाच्या परिसरातून गेले, वसईची खाडी पोहून पार केली आणि सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास करून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोहोचले. एवढ्या दाट वस्तीतून जाताना त्यांनी कोणासही नखसुद्धा लावले नाही आणि कोणास त्यांचा पत्ताही लागला नाही. २०११ मध्ये वाहनाची धडक बसून ते मरण पावले. २०१४ मध्ये त्यांच्या प्रवासावर मराठी चित्रपटही निघाला.

या प्रवासातून आणखी एक गोष्ट कळते. ‘पकडा आणि लांबच्या जंगलात सोडून द्या’ ही मागणी आपल्या ग्रामसभांतून नेहमी होते व ऐकावयास ती रास्तही वाटते. परंतु सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहीलच असे नाही. जुन्नर परिसरात २००१ पासून बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर झाली. तत्पूर्वी त्या भागात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती. मोहिमेनंतर ती १७ पर्यंत गेल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. अनोळखी मुलखात टाकलेले, पकडताना माणसांशी झटापट झालेले जनावर अधिक बिथरते, हे त्याचे एक कारण असावे. मात्र माणसांवर वारंवार हल्ले करणाऱ्या बिबट्यास हा न्याय लागू नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत दोन मुले व एक वृद्धा बळी पडली, तेव्हा त्या बिबट्यास ठार करण्यात आले. ज्या घरातले मूल गेले त्या घरास सहजीवनाचे पाठ देण्याचा अधिकार कोणासही नाही. हिंडलग्याचा बिबट्या मात्र या प्रकारातला नव्हता. गोल्फच्या मैदानातील मुक्कामात त्याने कोणावर झडप घातली नाही.

कामाच्या जागी वन्य प्राणी येण्याचे प्रसंग आता अपवादात्मक राहिलेले नाहीत. ३१ डिसेंबर २०२४ रोजी म्हैसूर येथील इन्फोसिसच्या आवारात बिबट्या दिसल्यावर कर्मचाऱ्यांना घरूनच काम करण्यास सांगण्यात आले. तेथेही पुष्कळ शोध घेऊन बिबट्या सापडला नाही. २०२३ च्या जुलैत गोरेगावच्या चित्रनगरीत ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ या मराठी मालिकेच्या चित्रीकरणस्थळी बिबट्या शिरला व कलाकार आणि तंत्रज्ञ यांची एकच धावपळ झाली. बेंगळुरूच्या एका शाळेत ७ फेब्रुवारी २०१६ रोजी शिरलेल्या बिबट्यास पकडताना वन्यजीव अभ्यासक संजय गुब्बी जखमी झाले. दिवस रविवारचा होता म्हणून मुले शाळेत नव्हती.

कधी कधी तर बिबट्या नसतानाच बिबट्या येतो. ९ जून २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात मंत्र्यांचा शपथविधी चालू असताना पाठीमागून एक जनावर ऐटीत चालत गेलेले दूरदर्शनच्या पडद्यावर दिसले. देशभर बिबट्याची आवई उठली. अखेर ती साधी पाळीव मांजर असल्याचा खुलासा दिल्ली पोलिसांना करावा लागला. राजधानीत जे घडले ते आपल्या गावात घडणारच नाही असे समजू नये. मोबाईलवर आलेले चित्र कोठले व कधीचे हे न पाहता पुढे धाडल्यास, जेथे बिबट्या नाही तेथे वनकर्मचारी धावतात आणि जेथे तो खरोखर आहे ती जागा मोकळी राहते.

परंतु अफवेपेक्षाही गर्दी वाईट. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूड भागात एक गवा वाट चुकून आला. गवा हा गवत खाणारा प्राणी. त्याला कोणास खावयाचे नव्हते. तरी त्यास पाहण्यासाठी व मोबाईलवर टिपण्यासाठी लोक त्याच्यामागे धावले. तासन्‌तास पळून पळून तो दमला, जखमी झाला आणि अखेर भूल देऊन पकडल्यावर त्याच दिवशी मरण पावला. त्या दिवशीही आरंभी लोक हसतच होते. हिंडलग्यास मैदानाभोवती पोलिसांचा व वनखात्याचा बंदोबस्त होता, शाळा बंद होत्या, आणि लोकांनी आपला विनोद बव्हंशी कुंपणाबाहेर राहून केला. जनावर दडून राहिले, माणसे दूर राहिली. मोहीम ‘फसली’ असे म्हणणाऱ्यांनी कोथरूडशी तिची तुलना करून पाहावी.

वन्य प्राणी अचानक समोर आल्यास काय करावे याचे उत्तम प्रात्यक्षिक मालेगावच्या एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाने मार्च २०२४ मध्ये करून दाखविले आहे. हा मुलगा एका मंगल कार्यालयाच्या कचेरीत, दाराजवळच्या बाकावर मोबाईल खेळत बसला होता. इतक्यात उघड्या दारातून बिबट्या आत आला आणि त्याच्याकडे न पाहताच सरळ पुढच्या खोलीकडे निघून गेला. मुलाने आरडाओरडा केला नाही. तो हळूच उठला, बाहेर आला आणि दार ओढून घेतले. मग वडिलांना जाऊन सांगितले. पुढे वनखात्याच्या पथकाने बंद खोलीतील त्या बिबट्यास रीतसर भूल देऊन पकडले. प्रौढ माणसांच्या सभेत अशा प्रसंगी काय ठराव झाला असता, हे सांगवत नाही.

बंद खोलीत जनावर असेल तर दार लावून घ्यावे. आवारात किंवा शेतात असेल तर त्याची निघून जाण्याची वाट मोकळी ठेवावी. बिबट्या समोर आल्यास पळू नये, कारण पळणारी वस्तू म्हणजे भक्ष्य, ही त्याची उपजत समजूत आहे. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. वाकून बसलेला मनुष्य त्यास लहान जनावरासारखा भासतो, म्हणून बिबट्याचा वावर असलेल्या भागात अंधारात उघड्यावर शौचास बसणे अथवा एकट्याने वाकून ऊसतोड करणे धोक्याचे. लहान मुलांस सायंकाळनंतर एकटे सोडू नये. गुरे व कुत्री रात्री बंदिस्त जागी बांधावीत. दगड मारणे, फटाके फोडणे किंवा विहिरीत पडलेल्या जनावरास स्वतः काढू पाहणे यांपैकी काहीही करू नये.

महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांत वनखात्याचा मदत दूरध्वनी क्रमांक १९२६ हा एकच आहे. सीमेवरील गावांस ही मोठीच सोय म्हणावयाची. ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर व साखर कारखान्याच्या शेतकी कचेरीत तो ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. कळविताना जागा, वेळ, जनावर कोणत्या दिशेस गेले आणि तेथे किती माणसे जमली आहेत, एवढे सांगितले तरी पुरे. गुरांची हानी झाली असल्यास मृत जनावर जागेवरून हलवू नये व वनरक्षकास ताबडतोब वर्दी द्यावी. पंचनामा त्याच जागी व्हावा लागतो आणि नुकसानभरपाईचा अर्ज त्यावरच पुढे जातो.